नोकरी सोडली तरी भरपाईचा हक्क राहतो

प्रश्न : माझे पती ठाणे जिल्ह्यातील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत नऊ वर्षे क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर काम करत होते. मार्च २०२४ मध्ये काम सोडून आम्ही साताऱ्याकडे गावी आलो. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडल्याचे निदान झाले. मालक स्टॅम्प पेपरवर सही घेऊन चाळीस हजार रुपये देऊ म्हणतात. सही करावी का?

उत्तर : कृपया सही करू देऊ नका. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो हे खरे. पण तोच कागद पुढे करून दावा रेंगाळत ठेवला जातो आणि आजारी माणसाने तो त्रास सोसण्याचे काहीच कारण नाही.

क्रोमिक ॲसिडच्या टाकीवरून उडणारे सूक्ष्म तुषार नाकाच्या पडद्यावर जखमा करतात आणि पुढे त्याला छिद्र पडते. बहुधा दुखत नसल्याने कामगाराला ते फार उशिरा कळते. क्रोमियममुळे होणारे रोग अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीच्या भाग 'ब' मध्ये आहेत. असा रोग एकाच मालकाकडे सलग किमान सहा महिने काम केलेल्या कामगाराला झाला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे सिद्ध करणे मालकावर येते. काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे आढळली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा मानला जातो आणि तेथून दोन वर्षांची मुदत मिळते. म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी तुमचा हक्क त्यापूर्वीच, म्हणजे जुन्या अधिनियमाखाली, निर्माण झालेला आहे. 'तो ठेकेदाराचा माणूस' या सबबीला कलम १२ उत्तर देते : भरपाईची मागणी मूळ मालकाकडे, म्हणजे कारखानदाराकडेही करता येते.

मात्र एक गोष्ट आधी तपासा. कारखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू असेल आणि पतीचा पगार तिच्या मर्यादेत, म्हणजे दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर वर्गणी प्रत्यक्षात कापली नसली तरी ती देय होती, म्हणून ते विमाधारकच ठरतात. अशा वेळी १९२३ च्या अधिनियमाखाली दावा चालत नाही. अपंगत्वाचा लाभ राज्य विमा महामंडळाकडे मागावा लागतो. महामंडळ तो खर्च पुढे मालकाकडून वसूल करू शकते.

पुराव्यात सर्वांत मोलाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आहे. त्यात केवळ छिद्राची नोंद पुरेशी नाही. क्रोमिक ॲसिडशी आलेला संबंध आणि कमाईची क्षमता किती टक्के घटली हेही लिहून घ्या, कारण रक्कम या टक्केवारीवरही अवलंबून असते. घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्य नोंदी ठेवणे आणि त्या कामगारांना पाहू देणे हे कारखाने अधिनियमाच्या कलम ४१-सी नुसार मालकाचे कर्तव्य होते. त्या लेखी मागा आणि न दिल्यास औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा.

दाव्यासाठी ठाण्याला जाण्याची गरज नाही. तुम्ही राहता त्या भागातील, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, तो दाखल होतो. मुदत शिल्लक असली तरी मालक आणि ठेकेदार या दोघांनाही रोगाची लेखी सूचना पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने याच आठवड्यात पाठवा.