लासरू असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी नको

तुमच्या आईंना मोतीबिंदू आहे आणि त्यातच लासरू झालंय, म्हणजे डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या अश्रुपिशवीत जंतुसंसर्ग होऊन गाठ आलीय. 'मोतीबिंदूची तारीख मिळालीच आहे तर ते उरकून घेतो, लासरूचं नंतर बघू' असं तुम्ही लिहिलंय. तसं करू नका. अश्रुपिशवीत पू असताना ऑपरेशन झालं, तर ते जंतू डोळ्यात शिरून नजर कायमची जाऊ शकते. डोळ्यांच्या ओपीडीत माझी बरीच वर्षं गेली. तिथे मोतीबिंदूआधी डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबून बघायचे. पापणीच्या कडेवरच्या बारीक छिद्रातून चिकट, पिवळट थेंब वर आला, की तारीख पुढे. आईंचं हे कुणी बघितलं नसेल, तर लासरूचं स्वतःहून सांगा.

आता आईंची गाठ लाल आहे, ठणकतेय, अंगात कणकण आहे, असं तुम्ही म्हणता. म्हणजे आजच नेत्रतज्ज्ञाकडे न्या. नुसत्या ड्रॉपवर हे भागत नाही, अँटिबायोटिक पोटातून लागतं. सोबत कोमट शेक. गाठ घरी पिळू नका; आपोआप फुटली तरी कधी कधी तिथे छिद्र राहतं आणि पाणी गालावर झिरपत बसतं. पिकली असेल तर डॉक्टर चीर देतील. सूज डोळाभर पसरली, डोळा हलवताना दुखलं किंवा दिसायला अंधुक झालं, तर रात्रीसुद्धा थांबू नका. आणि हो, रक्तातली साखर तपासून घ्या.

औषधाने सूज उतरते आणि बरेच जण तिथेच डॉक्टरांकडे जायचं सोडतात. मग काही महिन्यांनी पुन्हा तेच. कारण अश्रू पिशवीतून नाकात नेणारी नळी बुजलेलीच असते. तुंबलेल्या मोरीत औषध ओतून काय होणार? चाळिशीपुढच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं.

त्यावर उपाय म्हणजे डीसीआर हे ऑपरेशन. पिशवी आणि नाक यांच्यामधल्या पातळ हाडात खिडकी करून अश्रूंना नवी वाट देतात. इटलीच्या टोटी यांनी १९०४ मध्ये बाहेरून छेद घेऊन ही पद्धत मांडली. आता नाकातून दुर्बिणीनेही करतात, मग चेहऱ्यावर व्रण नाही. दहातल्या नऊजणांना तरी गुण येतो. फार थकलेल्या माणसांची नुसती पिशवी काढतात (डीसीटी). त्याने पू थांबतो, पाणी नाही. तुमच्या आई पंचावन्नच्या, मी डीसीआरच सुचवेन.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनना आधी सांगा, मनाने बंद करू नका. नंतर काही दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही. नवी वाट मोकळी आहे हे सिरिंजिंग करून (पापणीच्या छिद्रातून पाणी सोडून ते नाकात उतरतं का बघून) दिसलं, की मोतीबिंदूची तारीख घ्या.