समुद्राचा पीएच 8.2 वरून 8.1 झाला, तर कालवांना आणि माणसांना नक्की काय फरक पडतो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता सांगणारा आकडा, 7 च्या वर असला की पाणी अल्कधर्मी असतं, मग 8.1 पीएचच्या समुद्राला ‘आम्ल होतोय’ म्हणणं ही अतिशयोक्ती नाही का? खरंच काही होत असेल तर त्याची झळ कुणाला लागते? आणि समुद्रात चुना टाकून ते थांबवता येणार नाही का? मी कोकणातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि माझं माहेर खाडीकाठचं आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून नुसतं पुढे जाववलं नाही.

पहिला मुद्दा तुमचा बरोबर आहे. समुद्राचं पाणी आजही अल्कधर्मी आहे आणि शंभर वर्षांनीही ते लिंबाच्या रसासारखं होणार नाही. पण कालवाच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यातल्या जिवाच्या (ऑयस्टरच्या), पिल्लाला 7 च्या रेषेशी काही देणंघेणं नसतं. त्याला कवच बांधायला कार्बोनेट लागतं, आणि समुद्रात कमी होतंय ते हेच.

शाळेतला चुन्याच्या निवळीचा प्रयोग आठवा. नळीने फुंकलं की निवळी दुधाळ होते. बहुतेकांचा प्रयोग इथेच थांबतो, कारण पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. मी मुलांना तसंच फुंकत राहायला सांगते. बराच वेळ, गाल दुखेपर्यंत फुंकलं की दुधाळपणा विरत जातो आणि पाणी पुन्हा नितळ होतं. आधी जो पांढरा साका तयार झाला तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपला ज्याचा बनतो तोच पदार्थ. नंतरच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं बायकार्बोनेट केलं आणि ते पाण्यात विरघळून गेलं. काचेच्या नळीत हे काही मिनिटांत आणि फार तीव्रपणे घडतं, समुद्रात संथपणे. पण दिशा तीच. आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो.

आता तो 0.1 चा फरक. पीएचची मोजपट्टी लॉगरिथमची असते, त्यामुळे 0.1 ने खाली येणं म्हणजे पाण्यातले आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन सुमारे 26 टक्क्यांनी वाढणं. औद्योगिक क्रांतीपासून एवढं झालं आहे. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर शतकाच्या अखेरीस पीएच 7.8 च्या आसपास जाऊ शकतो. तेव्हा हे आयन 8.2 च्या तुलनेत अडीचपट असतील.

याचा माणसाला फटका कसा बसतो, ते सगळ्यात स्पष्ट दिसलं अमेरिकेतल्या ओरेगनच्या किनाऱ्यावर. तिथे नेटार्ट्स बे नावाच्या उपसागराकाठी व्हिस्की क्रीक ही कालवांची हॅचरी, म्हणजे अंड्यांपासून पिल्लं तयार करणारं केंद्र, आहे. किनाऱ्यावरचे अनेक कालवशेतकरी आपलं बी, म्हणजे कालवांची पिल्लं, तिथून घेतात. 2007 आणि 2008 मध्ये टाक्यांतली पिल्लं अब्जावधींच्या संख्येने मरू लागली. आधी संशय जंतूंवर गेला. पाणी गाळण्याची आणि निर्जंतुक करण्याची यंत्रणा बसवली, तरी मरणं थांबेना. मग ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचे बर्क हेल्स आणि हॅचरीतले लोक यांनी पाण्याचं रसायन मोजायला घेतलं, आणि गुन्हेगार सापडला. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेकडून वारे सुटले की खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं. त्यात कार्बन डायऑक्साइड मुळातच जास्त असतो, त्यात आता माणसाच्या धुराची भर पडली आहे. वर येणारं ते पाणी हवेला शेवटचं भेटलं ते काही दशकांपूर्वी. म्हणजे आजच्या धुराचा हिशेब त्या किनाऱ्यावर अजून पोचायचाच आहे. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

पिल्लंच का मरतात, मोठी कालवं का नाही? कारण अंडं फळल्यापासून 48 तासांच्या आत पिल्लाला पहिलं कवच बांधावं लागतं, आणि तेव्हा त्याला धड खाताही येत नसतं. अंड्यातून मिळालेली शिदोरी तेवढी त्याच्याजवळ असते. पाण्यात कार्बोनेट कमी असलं तर कवच बांधायला जास्त शक्ती खर्च होते आणि शिदोरी आधीच संपते. त्यानंतर पाणी सुधारलं तरी उपयोग नसतो.

हॅचरीने उपाय काढला, आणि तो कुणाही रसायनाच्या विद्यार्थ्याला सुचेल असा आहे. सकाळी पाणी भरायचं नाही. दुपारनंतर, पाण्यातल्या गवताने उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतल्यावर भरायचं. शिवाय टाकीत मोजून धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, टाकायचा. धंदा वाचला. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका कुटुंबाने तर आपली हॅचरी थेट हवाई बेटांवर हिलोला नेली.

प्रवाळ, समुद्री फुलपाखरं म्हणवणाऱ्या चिमुकल्या गोगलगायी (सामन मासे त्या खातात), यांच्या कवचावर आणि सांगाड्यावरही हा ताण आहे. मात्र ‘आम्लतेने प्रवाळांतल्या माशांना शत्रूचा वास येईनासा होतो’ हे कुठे वाचलं असेल तर जपून. 2020 साली ते प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा तसा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. कवचाची बाजू पक्की आहे, ती भक्कम करायला असल्या आधारांची गरज नाही.

आपल्याकडचं बोलायचं तर पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतही खालचं पाणी वर सरकतं. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या समुद्रात 1997 पासून नियमित मोजमापं घेते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथे तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपतो. सडणाऱ्या पदार्थांनी प्राणवायू खाल्ला की मागे कार्बन डायऑक्साइड उरतो, म्हणून असं पाणी कवचधारी जिवांना दुहेरी जड. आमच्या खाडीतल्या बायका अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडकांवरची कालवं फोडायला जातात, चिखलात तिसऱ्या (लहान शिंपले) शोधतात. ना होडी लागते, ना जाळं. सकाळी काढायचं आणि त्याच दिवशी विकायचं. तो पैसा त्यांच्या हातात राहतो. ओरेगनचा सोडा बंदिस्त टाकीत चालला. या बायकांच्या कालवांचं बी उघड्या पाण्यात जन्मतं आणि तिथेच खडकाला चिकटतं, त्या पाण्यात कुणी सोडा मोजून टाकू शकत नाही. म्हणून झळ कुणाला, या प्रश्नाला माझं उत्तर त्या बायका हेच आहे.

राहिला चुना. कल्पना वेडगळ नाही. समुद्राची अल्कता वाढवण्याचे छोटे प्रयोग सध्या चालू आहेत. पण कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करत, ती भट्टी आठवा. शिंपला असो वा चुनखडी, भाजली की चुना मागे उरतो आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; वर जळण लागतं ते वेगळंच. तो वायू भट्टीच्या तोंडाशीच पकडला नाही, तर चुन्याने समुद्रात जे कमवायचं त्यातलं बरंचसं भट्टीतच गमावलेलं असतं.