कॅब कॅलोवे : अंगविक्षेप की ताल?

प्रश्न : कॅब कॅलोवे या अमेरिकन जॅझ गायकाच्या काही जुन्या चित्रफिती पाहिल्या. वाद्यवृंदापुढे तो केस उडवत, हातपाय झाडत अक्षरशः वेड्यासारखा नाचतो. हे कॅमेऱ्यासाठी घेतलेले सोंग होते का? शिवाय एका चित्रफितीत सगळे वादक डावखुरे दिसतात आणि ओठ गाण्याशी जुळत नाहीत, हे कसे?

उत्तर : कॅमेरा समोर येण्यापूर्वीच कॅलोवेची ही शैली घडलेली होती. १९३१च्या सुमारास न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची जागा त्याच्या वाद्यवृंदाने घेतली. कलावंत कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक मात्र गोरे, असा त्या क्लबचा अन्यायकारक शिरस्ता होता. तेथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणांमुळे त्याचा आवाज देशभर पोहोचला. ‘हाय-डी-हो’ हे त्याचे प्रसिद्ध पालुपद गाण्याचे शब्द ऐन वेळी विसरल्यामुळे सुचले, असे तो स्वतः सांगत असे. ज्या श्रोत्यांना तो दिसतही नव्हता, त्यांनाही या निरर्थक अक्षरांतून तोच खट्याळपणा ऐकू येत होता, म्हणूनच त्याला नुसते सोंग म्हणणे मला पटत नाही.

याचा उत्तम पुरावा एका व्यंगचित्रपटात आहे. १९३२मध्ये फ्लायशर स्टुडिओने त्याच्या ‘मिनी द मूचर’ या गाण्यावर बेटी बूप या व्यंगचित्रातील नायिकेचा लघुपट काढला. त्याच्या आरंभी खुद्द कॅलोवे वाद्यवृंदासमोर संथपणे झुलताना दिसतो, आणि त्याचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्रण हेच मानले जाते. पुढे गुहेत एक भुताटकीचा वॉलरस (लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी) गातो, तेव्हा त्याच्या अंगात कॅलोवेचीच घसरती पावले असतात, कारण मॅक्स फ्लायशरने शोधलेल्या रोटोस्कोप तंत्राने नर्तकाच्या चित्रफितीची एकेक चौकट काचेवर पाडून तिच्यावरून चित्रे रेखाटली जात. चेहरा, केस, पांढरा सूट सारे गळून पडले तरी माणूस ओळखू येतो, तो केवळ तालावरून. मागे सरकणारे ते पाऊल वाद्यवृंदाच्या ठेक्यावर किती नेमके पडते, ते अवश्य पाहावे.

आता आपली दुसरी शंका. आपण पाहिलेली चित्रफीत बहुधा ‘साउंडी’ असावी. १९४०पासून अमेरिकेतील बार व उपाहारगृहांत पॅनोराम नावाची यंत्रे बसवली गेली. त्यांत दहा सेंटचे नाणे टाकले की सुमारे तीन मिनिटांची एक चित्रफीत दिसे; तिलाच साउंडी म्हणत. आठ चित्रफिती एकाच फेऱ्यात जोडलेल्या असल्याने हवी ती निवडता येत नसे. कॅलोवेनेही १९४२मध्ये अशा चित्रफिती केल्या. यंत्राच्या आत चित्र आरशांवरून पडद्यावर पाडले जाई, म्हणून प्रती मुद्दाम उलट्या छापत. तीच प्रत साध्या प्रक्षेपकावर लावली, की उजवा हात डावा होतो. गाणे मात्र आधीच ध्वनिमुद्रित केलेले असे, आणि चित्रणाच्या वेळी ते वाजवून कलावंत त्यावर ओठ हलवत. ओठ चुकतात ते यामुळे.

म्हणून या चित्रफितींत ओठांपेक्षा पावलांकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन. या जपलेल्या चित्रणांचे मोल कळण्यासाठी बेसी स्मिथचे उदाहरण पुरेसे आहे : त्या थोर गायिकेला पडद्यावर पाहायचे, तर १९२९चा ‘सेंट लुई ब्लूज’ हा एकच लघुपट आपल्या हाती आहे.