पुरस्कार माझ्या नावाचा, पैसा महाविद्यालयाच्या खात्यात

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात मी मानसशास्त्राची पूर्णवेळ सहायक प्राध्यापक आहे. परिविक्षा काळ (प्रोबेशन) अजून सुरू आहे. सेवेच्या पहिल्या पाच वर्षांतल्या मानसशास्त्र अध्यापकांसाठी आमच्या माजी विद्यार्थी संघाने ठेवलेला पुरस्कार मला मिळाला. रक्कम एकूण 3 लाख, दोन हप्त्यांत. पहिला 1,50,000 चा धनादेश 12 ऑगस्ट 2024 रोजी प्राचार्यांच्या नावे आला आणि महाविद्यालयाच्या खात्यात जमा झाला. पत्रात 25,000 मला व्यक्तिशः आणि 1,25,000 संशोधनासाठी असे लिहिले आहे. विषय आहे शेतकरी विधवांमधील झोप आणि नैराश्य. बिले दिल्यावर 46,000 मिळाले, पुढे बंद झाले. संस्थाध्यक्ष म्हणतात, पैसा खात्यात आला म्हणजे तो महाविद्यालयाचा, उरलेला इमारतीला लागेल. आता खर्चाचा पुरावा म्हणून मुलाखतींच्या वह्याही मागतात. पैसे मिळतील का? कर लागेल का? तक्रार केली तर नोकरी जाईल का? वह्या द्याव्या लागतील का?

उत्तर : मॅडम, खात्यात आला म्हणजे आपला, हे अध्यक्षांचे म्हणणे कायद्यात टिकणारे नाही. एखाद्या ठरावीक कामासाठी दिलेला पैसा ज्याच्या हाती येतो, तो त्या कामापुरता सांभाळणारा असतो. महाविद्यालयाचे खाते इथे फक्त वाट आहे. आज तुमचे येणे आहे 1,04,000 रुपये : व्यक्तिशः 25,000, आणि संशोधनाचे 1,25,000 वजा 46,000, म्हणजे 79,000. या दोन रकमा प्रत्येक पत्रात वेगळ्या लिहा, कारण दोन्हींवरचा हक्क वेगळा आहे. 25,000 थेट तुमचे. 79,000 तुमच्या खिशाचे नाहीत, तुमच्या संशोधनाचे आहेत. सरसकट ‘माझे 1,04,000 द्या’ असे लिहिले की समोरच्या वकिलाला पहिला मुद्दा आयता मिळतो.

कागदांत सर्वांत वजनदार ते पुरस्कारपत्र. त्याची मूळ प्रत घरी ठेवा, महाविद्यालयाला फक्त साक्षांकित प्रत द्या. त्यानंतर महाविद्यालयाने संघाला दिलेली पावती. तिच्यावर ‘देणगी’ लिहिले आहे की पुरस्काराचे नाव, हे पाहून घ्या. आणि तिसरा कागद बहुतेक जण विसरतात. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र भाग आहे. महाविद्यालये तिथे अशा पुरस्कारांची नोंद हौसेने करतात आणि वार्षिक गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर टाकतात. त्यात ‘अध्यापकास संशोधनासाठी पुरस्कार’ अशी ओळ असेल, तर ती महाविद्यालयाची स्वतःची कबुली आहे. ते पान आजच उतरवून ठेवा. पुढे न्यायालयात दाखवायचे झाले तर भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून कोणत्या दिवशी आणि कोणत्या संगणकावर उतरवले तेही टिपून ठेवा.

चूक नेमकी कुठे झाली असेल, ते लेखापरीक्षणात सापडते. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते, तिचा ताळेबंद अनुसूची आठच्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्च अनुसूची नऊच्या नमुन्यात होतो. तुमची रक्कम ताळेबंदात निर्दिष्ट, म्हणजे ठरावीक कामासाठी राखलेला, निधी म्हणून दायित्वाच्या बाजूला दिसायला हवी होती. लेखापाल ती सवयीने अनुसूची नऊमध्ये देणगी म्हणून उत्पन्नात टाकतो, मग वर्षअखेर ती इतर पैशांत मिसळते आणि अध्यक्षांना खरोखरच वाटते की ही शिल्लक आपली. बऱ्याच ठिकाणी लबाडीपेक्षा ही नोंदच भांडणाचे मूळ असते. ती दुरुस्त करून मागा. अध्यक्षांनाही यात माघार घेतल्यासारखे होत नाही.

खातेउतारा मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. शासनाकडून भरीव निधी मिळणाऱ्या शिक्षणसंस्था या कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही कॉलेज ट्रस्ट प्रकरणात 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. अर्ज महाविद्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘सर्व माहिती द्या’ असे लिहू नका. मागा तीनच गोष्टी : 12 ऑगस्ट 2024 च्या जमा रकमेचा खातेउतारा, त्या रकमेच्या वापराबाबतचे ठराव आणि 2024-25 च्या अनुसूची आठ व नऊच्या प्रती. अर्ज तुम्हीच करायला हवा असेही नाही, संघाचा कोणीही सभासद करू शकतो. परिविक्षा काळात तेच बरे.

आता खरी किल्ली. तुमच्यापेक्षा संघाचा शब्द इथे जड आहे, कारण अट घालणारा तोच आहे. संघाच्या सचिवांकडून प्राचार्यांना पत्र जाऊ द्या : पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामाला लागल्याचा दाखला) 15 दिवसांत द्या, शिल्लक रक्कम वेगळ्या शीर्षाखाली दाखवा, तोवर दुसरा हप्ता थांबवला आहे. दुसरा हप्ता मात्र महाविद्यालयाकडे जाऊच देऊ नका. चाचण्यांचे पैसे संघाने थेट विक्रेत्याला आणि प्रवासाचे बिलांवर तुम्हाला द्यावेत. यात संघाचाही फायदा आहे. एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या देणगीचा 85 टक्केच भाग आर्थिक वर्ष 2023-24 पासून देणाऱ्या न्यासाच्या कामावरचा खर्च धरला जातो. स्वतः केलेल्या खर्चाला ही कात्री नाही. संघाच्या सनदी लेखापालाला हे एका वाक्यात कळेल.

संघाने पाठीशी उभे राहावे असे वाटत असेल तर तुमची बिले चोख हवीत. मानसशास्त्रीय चाचणीची पुस्तिका पुन्हा वापरायची असेल तर ती आणि ध्वनिमुद्रक डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढतात. संशोधन संपल्यावर त्या वस्तू विभागात राहतात, त्यावर वाद घालू नका. उत्तरपत्रिका मात्र एकदाच वापरायच्या, त्या उपभोग्य साहित्यात जातात. प्रवासाची अडचण खरी आहे. कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) एसटी जात नाही आणि काळी-पिवळीवाला बिल देत नाही. अशा वेळी प्रमाणक (व्हाउचर) स्वतः तयार करा : तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, वाहन क्रमांक, रक्कम, चालकाची सही. 5,000 पेक्षा जास्त रोख दिली तर 1 रुपयाचे महसूल तिकीट. महिन्याची सगळी फेरी एकाच कागदावर ‘प्रवास खर्च 6,000’ अशी लिहिली की लेखापरीक्षक ती नाकारतो, आणि नाकारलेली रक्कम तुमच्या माथी येते.

कराचे थोडक्यात. 31 मार्च 2026 पर्यंत तुमच्या हाती आलेल्या रकमांना 1961 चाच आयकर कायदा लागतो. महाविद्यालयाने बिलांपोटी परत केलेले 46,000 तुमचे उत्पन्न नाही, प्रत्यक्ष खर्चाची ती भरपाई आहे. 25,000 बाबत ‘पुरस्कार करमुक्त असतो’ या समजात राहू नका. कलम 10(17अ) ची सूट शासनाने दिलेल्या किंवा केंद्राने मान्य केलेल्या पुरस्कारांना आहे, खासगी संघाच्या नाही. तुम्हाला आधार कलम 56 चा : मोबदल्याशिवाय मिळालेली रक्कम वर्षभरात एकूण 50,000 च्या आत असेल तर ती करपात्र नाही, आणि देणारा न्यास त्याच कायद्याच्या कलम 12अब खाली नोंदलेला असेल तर ती मर्यादाही आड येत नाही. हे 25,000 पगारबिलातून मानधन म्हणून मात्र घेऊ नका. तसे घेतले की ते पगार ठरते आणि कर कापला जातो. 1 एप्रिल 2026 पासूनच्या रकमांना नवा आयकर कायदा 2025 लागतो, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

संघाला एक प्रश्न जरूर विचारा : देणगीदारांत कोणी परदेशात आहे का? असेल तर त्याचा पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा कायद्याने विदेशी अंशदान (परदेशातून आलेली देणगी) ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे कार्ड) असले तरी, विदेशी अंशदानच आहे. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते, तो दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर पुढे दुसऱ्या कोणाला देता येत नाही. 80जी चे (देणगीदाराला करसवलत देणारे) प्रमाणपत्र असले म्हणजे ही नोंदणी झाली, हा गैरसमज फार आहे. असा पैसा दुसऱ्या हप्त्यात मिसळला असेल तर तो घेऊ नका.

पत्रांनी भागले नाही तर नोटीस. पोलीस ठाण्यात आधी जाऊ नका. विश्वासाने सोपवलेल्या रकमेच्या अपहारासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 316 आहे, पण अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, आणि ठराव करून इमारतीला वळवलेल्या पैशात तो दाखवणे अवघड जाते. शिवाय त्या दिवसापासून महाविद्यालयात तुमच्याशी कोणी बोलणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम 1950 च्या कलम 41अ खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्तांना रकमेच्या योग्य वापराबाबत निर्देश देऊ शकतात. तुमच्याकडचा हा अर्ज अमरावतीच्या धर्मादाय सह आयुक्तांकडे जाईल. संस्था सोसायटी म्हणूनही नोंदलेली असेल तर हितसंबंधी व्यक्ती म्हणजे तिचा सभासद, अशी हरकत तुमच्या अर्जावर घेतली जाईल. म्हणून अर्जावर संघाच्या पदाधिकाऱ्यांचीही सही घ्या. वसुलीचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, तोही संघाला सोबत घेऊन. मुदत तीन वर्षे. सर्वांत आधीची तारीख धरायची, म्हणजे 12 ऑगस्ट 2027 च्या आत दावा दाखल झाला पाहिजे. ‘देऊ, बघू’ म्हणून तोंडी आश्वासने मिळत राहिली तरी ही मुदत थांबत नाही. थकबाकी लेखी कबूल केली तरच ती नव्याने मोजली जाते.

नोकरीची भीती समजू शकते. परिविक्षेतला माणूस सहज काढता येतो, असे गावोगावी सांगितले जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 चे कलम 81 सेवा संपवलेल्या कर्मचाऱ्याला, तो कायम असो वा नसो, न्यायाधिकरणात अपील करू देते. आदेश हाती पडल्यापासून 30 दिवस, त्यापुढे वाट पाहू नका. आदेश नाही पण त्रास सुरू आहे, अशा वेळी कलम 79 ची विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे, तुमच्यासाठी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. आणि आतापासून हजेरी, तासिका, परीक्षेची कामे यांच्या नोंदी स्वतःकडे ठेवा. पैशाच्या तक्रारीचा राग सहसा कामातल्या कसुरीच्या नावाखाली कागदावर येतो.

वह्यांचे उत्तर नाही, द्यायच्या नाहीत. ज्या बाईने नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या रात्री तुमच्यासमोर उलगडल्या, तिच्या संमतीपत्रावर नाव गुप्त राहील असे तुम्ही लिहून दिले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही गोपनीयता राखायला सांगतात. खर्चाचा पुरावा बिलांनी होतो, मुलाखतींनी नाही. तुमची खरी अडचण प्रमाणकांत आहे : येण्या-जाण्याचे 200 रुपये दिले की सही किंवा अंगठा येतो, आणि नाव, गाव उघडे पडते. तीनशे उंबऱ्यांच्या गावात तेवढ्यावर माणूस ओळखू येतो. म्हणून प्रमाणकावर फक्त सांकेतिक क्रमांक लिहा, उदाहरणार्थ ‘वि-17’. क्रमांक आणि नावांची यादी व अंगठ्याच्या पावत्या सीलबंद पाकिटात एथिक्स कमिटीच्या (संशोधनातली नैतिकता पाहणाऱ्या समितीच्या) सचिवांकडे ठेवा, पाकिटावर तुमची आणि त्यांची सही. प्राचार्यांना लेखी कळवा की लेखापरीक्षकाला हवे असल्यास तो समितीसमोर पाकीट पाहू शकतो, प्रत मिळणार नाही. हे पत्र आवक नोंदवहीत क्रमांक टाकून द्या, पोच घ्या, आणि वह्या विभागाच्या कपाटातून त्याच दिवशी घरी आणा.