लहान मुलगा छापील फोटोही बोटांनी मोठा करू पाहतो. ही काळजी करण्यासारखी सवय आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपला साडेतीन वर्षांचा मुलगा लग्नाच्या छापील अल्बममधील फोटोवर दोन बोटे ठेवून तो मोठा करू पाहतो आणि फोटो हलला नाही की चिडतो, सासूबाईंचे म्हणणे असे की मोबाईलने पोर वाया गेले, आणि आपल्याला जाणून घ्यायचे आहे की यात काळजीचे काही आहे का, व अशा नकळत जडलेल्या सवयी मोडता येतात का. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत बरीच वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते आहे. मी डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नाही, त्यामुळे वर्गात जे दिसते आणि भरवशाच्या वाचनातून जे कळले आहे, तेवढ्याच आधारावर लिहिते.

फोटोवरच्या बोटांची काळजी करू नका. चित्राला दोन बोटे लावून ती फाकवली की चित्र मोठे होते, हा नियम आपल्या मुलाने स्वतः शोधून काढला आहे आणि तो कुठे कुठे लागू पडतो हे तो तपासून पाहतो आहे. कागद दाद देत नाही हे ध्यानात आले की तो ते सोडून देईल. पहिलीत येणारी काही मुले सुरुवातीला पुस्तकातल्या चित्रावर अशीच बोटे फिरवतात. पुढे पाटी-पेन्सिल हाताशी आली की ते आपोआप थांबते, त्यासाठी कोणाला रागवावे लागत नाही.

शिवाय यंत्राशेजारी वाढलेल्या प्रत्येक पिढीच्या अंगात त्या यंत्राच्या खुणा राहतातच. आमच्या भागात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो. मागावर आयुष्य काढलेले आजोबा नातवाला सोडायला शाळेत येतात तेव्हा, शेजारी माग चालू असावा अशा आवाजात बोलतात. नव्याने बदलून आलेल्या शिक्षकांना वाटते की ते भांडायलाच आले आहेत, आणि आजोबांना मात्र आपला आवाज चढलेला आहे याचा पत्ताही नसतो. पाण्याचेही तसेच आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. माझी नणंद लग्न होऊन पुण्याला गेली, तिच्या इमारतीत चोवीस तास पाणी असते, तरी निजण्यापूर्वी ती बादली, कळशी आणि दोन पातेली भरून झाकून ठेवते. कशासाठी, असे विचारले तर तीच चकित होते. फोनची खूण करताना आपल्या पिढीचा अंगठा कानाकडे आणि करंगळी तोंडाकडे जाते, कारण आपल्या डोक्यात रिसीव्हर बसलेला आहे. आजची मुले सरळ तळहातच गालाला लावतात. यात कोणीही बिघडलेले नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांना दिवसभर तासातासाला, आपण काय करत आहोत आणि मनात काय चालले आहे, याची नोंद ठेवायला सांगितले होते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, नोंदलेल्या कृतींपैकी साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश कृती जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी आणि बहुधा मन दुसरीकडे असतानाच घडत होत्या. म्हणजे मोठ्या माणसांच्या दिवसाचा केवढा तरी भाग सवयीवर निभतो. लहान मूल घरात बघत असते ते नेमके हेच, आपले लक्ष नसताना आपले हात काय करतात ते.

म्हणून मुलाच्या बोटांपेक्षा त्याच्या खेळाकडे बघा, असे मी सुचवेन. मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात दुकान-दुकान चालते. पूर्वी या खेळात दुकानदार आणि गिऱ्हाईक असे दोघेच पुरत. चिंचोके मोजून दिले जात, उरलेले परत घेतले जात आणि त्यावरून हमखास वाद होई. आता एक तिसरे मूल लागते. ते भिंतीला टेकून बसते आणि कोणी येऊन बोटाने त्याच्या पोटाला टोचले की गंभीर आवाजात म्हणते, "पन्नास रुपये प्राप्त झाले." दुकानातला साउंडबॉक्स मुलांनी इतका हुबेहूब उचलला आहे की हसू आवरत नाही. मात्र याच खेळातून सुट्टे परत देणे गायब झाले आहे, आणि शंभरातून पस्तीस वजा करताना दुसरीतली मुले पूर्वीपेक्षा जास्त अडतात, असे माझे निरीक्षण आहे. यावर मी वर्गात खोट्या नोटा आणि खरी नाणी आणून ठेवली; आपणही किराणा आणायला जाताना मुलाला सोबत न्या आणि अधूनमधून रोख पैसे द्या.

दुसरा खेळ पाहून मात्र मला हसू आले नाही. एक मुलगी रुमालाची बाहुली मांडीवर घेऊन आई झाली होती. तिच्या हातात फळ्याचा डस्टर होता आणि बाहुली 'रडत' होती. तिने बाहुलीला मांडीने दोन झोके दिले, "थांब गं जरा, झालंच," असे म्हणाली, पण नजर डस्टरवरून हलली नाही, आणि तिचा अंगठा डस्टरच्या लाकडी पाठीवर खालून वर, खालून वर सरकत राहिला. हा अंगठा तिला कोणी शिकवला नव्हता. स्क्रीन कितीही सरकवली तरी तळ लागू न देणारी ही रचना एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने 2006 मध्ये तयार केली, आणि पुढे त्याबद्दल त्याने जाहीरपणे खेदही व्यक्त केला. तिची खूण सोलापुरातल्या सहा वर्षांच्या मुलीच्या खेळात अशी उतरली आहे.

आईची नजर हलत नाही तेव्हा मुलाचे काय होते, हे मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी तपासले गेले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात केलेल्या प्रयोगात आई आधी तान्ह्या बाळाशी नेहमीसारखे खेळे आणि मग काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून नुसती त्याच्याकडे पाहत राही. बाळ आधी हसून, हातवारे करून तिला बोलते करू पाहे, आणि तिकडून काहीच येत नाही असे दिसल्यावर बेचैन होऊन तोंड फिरवी. आई समोरच असताना हे घडे, हे यातले लक्षात घेण्यासारखे आहे.

इथे आईला दोष देणे फार सोपे आहे, आणि ते मला मान्य नाही. आमच्या भागातल्या पुष्कळ आया घरी विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबतो, आणि तंबाखूच्या सुपाशी रांगणारे मूल लांब ठेवायला मोबाईलइतके स्वस्त साधन घरात दुसरे नसते. पालकसभेत अशा बाईला 'स्क्रीन टाईम'वर व्याख्यान देणाऱ्यांनी आधी एक दिवस तिच्या जागी बसून पाहावे. तसा खुलासा ज्यांच्याजवळ नाही, अशी आपल्यासारखी नोकरदार माणसेही तेच करतात, हा भाग वेगळा.

प्रमाण किती असावे, याचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार एक वर्षाखालील मुलांना स्क्रीन देऊच नये, एक ते दोन वर्षांपर्यंतही ती शिफारसयोग्य नाही, आणि दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितके चांगले. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांसाठी एका तासाचीच मर्यादा सांगते. पाहायचेच असेल तर मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी बसून, त्यावर बोलत बोलत पाहावे. तेवढ्याने त्या एका तासाचे स्वरूप बदलते.

सवय मोडायची तर ती कशामुळे सुरू होते ते ठिकाण आधी शोधावे लागते. बहुतेक घरांत ते ठिकाण म्हणजे जेवणाचे ताट. घास तोंडाशी आला की व्हिडिओ हवा, ही सवय मुलाने लावून घेतलेली नसते. लवकर जेवून व्हावे म्हणून आपणच ती लावलेली असते. ताट ठेवल्यावर मोबाईल काढून घेतला तर रडारड होणारच, म्हणून ताट वाढण्यापूर्वीच तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून यावे, आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाईल तिथेच असावेत, आजोबांचासुद्धा. एरवी मूल फक्त एवढेच शिकते की नियम लहानांसाठी असतात. हाताला काम द्या : भाकरी त्याला स्वतः कुस्करू द्या, शेंगाचटणीत दही कालवू द्या. सांडेल, पण चालेल. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमधून बंद करा, म्हणजे शेवट कुठे आहे हे त्याला निदान दिसेल. एका वेळी एकच सवय हाती घ्या. जेवणाची सुटल्याशिवाय झोपेच्या वेळेच्या मोबाईलला हात लावू नका.

यास किती दिवस लागतील हे नेमके सांगता येत नाही. एकवीस दिवसांत सवय बदलते हे जे सर्वत्र सांगितले जाते, त्याला फारसा आधार नाही. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी 96 प्रौढांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसामाणसातला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. तेव्हा पाहुणे आले आणि एक दिवस नियम मोडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहिते. मुलगा हाक मारल्यावर वळून बघत नसेल, साडेतीन वर्षांचा होऊनही दोन-तीन शब्दांची वाक्ये जोडत नसेल, किंवा इतर मुलांत रमतच नसेल, तर ते मोबाईलच्या माथी मारून थांबू नका. आधी त्याची श्रवण तपासणी करून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक तिथे वर्षातून दोनदा येते. सेविकाताईंना तारीख विचारून त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि जे दिसते ते डॉक्टरांना सविस्तर सांगा.