मुलगा गेल्यावर सून नातवाला भेटू देत नाही, आजी-आजोबांना कायद्याने काही हक्क आहे का?

हो, पण नुसतं आजी-आजोबा आहोत म्हणून ताबा मिळत नाही. हिंदू अल्पवयीनता आणि पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक, त्यामुळे ती नीट सांभाळत असेल तर कोर्ट मूल तिच्याकडून काढून घेत नाही, आणि खरं सांगायचं तर घेऊही नये, त्या लेकराचा बाप आधीच गेलाय.

भेटीसाठी मात्र नक्की प्रयत्न करा. पालक आणि पाल्य कायदा, १८९० च्या कलम ८ मध्ये कुठल्याही नातेवाइकाला अर्ज करता येतो, तो मूल जिथे राहतं तिथल्या फॅमिली कोर्टात टाकायचा. कोर्ट बघतं ते मुलाचं हित, तुमचा हक्क नंतर. मूल कळत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारतात.

म्हणून पुरावे जपा, शाळेत सोडायला तुम्ही जात होतात, तापात दवाखान्यात तुम्ही नेलं, त्या पावत्या, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सगळं. आणि सुनेला रागाने एकही मेसेज टाकू नका हो, तोच उद्या कोर्टात दाखवला जातो. आधी मध्यस्थीचं विचारा, महिन्यातून दोन रविवार आणि व्हिडिओ कॉल एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते.