क्लोन करण्याआधी डिस्क नीट ओळखा

क्लोन करताना, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर घेताना, त्या दुसऱ्या, बाहेरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे त्यावरचे फोटो वगैरे आधी हलवा. ती डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठीच हवी. दोन्हींवर ५०० जीबी लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका. थोडे सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) कमी भरले तरी क्लोनझिला हे क्लोन करणारं सॉफ्टवेअर सहसा काम नाकारतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सोर्स (मूळ डिस्क) आणि टार्गेट (जिच्यावर कॉपी करायची ती) यांची अदलाबदल: रिकामी डिस्क भरलेलीवर कॉपी होते, आणि संपलं. क्लोनझिलात दिसणाऱ्या एसडीए, एसडीबी या डिस्कच्या नावांवर विसंबू नका, मॉडेल आणि सिरीयल नंबर कागदावर लिहून ताडून बघा. बाकीचे पेनड्राइव्ह काढूनच ठेवा.

यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी धरले तर ५०० जीबीला साधारण दीड तास. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. मूळ डिस्कमध्ये बॅड (खराब झालेले) सेक्टर असतील तर साधं क्लोनिंग मध्येच अडकतं. तिथे डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर वापरा.

झाल्यावर दोन्ही जोडून विंडोज चालू केलं, तर सारख्या सिग्नेचरमुळे (डिस्कच्या ओळख क्रमांकामुळे) एक डिस्क ऑफलाइन दिसू शकते. घाबरून इनिशियलाइज (डिस्क नव्याने तयार) करू नका!

खरं तर नेहमीच्या बॅकअपला इमेज (फाइलच्या रूपात ठेवलेली डिस्कची प्रत) हीच बरी, एका डिस्कवर दोन-तीन तारखांच्या मावतात.